गुणवंत मुलाची शाळा कोणती?

हिवाळा सरू लागला की पुणे जिल्ह्यातील पुष्कळ घरांत परीक्षांची चर्चा सुरू होते. जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा, शिष्यवृत्ती परीक्षा, निरनिराळ्या शाळांच्या प्रवेश चाचण्या याच सुमारास येतात. वर्गात पहिला येणारा, तोंडी हिशेब करणारा, शिक्षकांनाही क्षणभर विचारात पाडणारे प्रश्न विचारणारा मुलगा किंवा मुलगी ज्या घरात असेल, त्या घराला हा काळ जितका अभिमानाचा, तितकाच काळजीचा असतो. मूल हुशार आहे, हे शिक्षकांनी सांगितलेले असते. त्याला आता कोणत्या शाळेत घालावे, हे मात्र कोणी सांगत नाही. मग शेजाऱ्यांचा सल्ला, शिकवणीवर्गाचा फलक किंवा कारखान्यातील साहेबांची मुले जातात ती शाळा, अशा आधारांवर दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या पुढील पाच-सहा वर्षांचा निर्णय होतो.

हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. परंतु असे निर्णय हजारो घरांत एकाच पद्धतीने होऊ लागले, म्हणजे त्यांतून समाजाचे शैक्षणिक चित्र घडते. गावातील कोणती शाळा टिकणार, कोणती रोडावणार, कोणाची बुद्धी वर येणार आणि कोणाची जागच्या जागी विरणार, हे त्यांवरून ठरते. म्हणूनच या प्रश्नाचा विचार पालकाच्या बाजूने आणि समाजाच्या बाजूने, असा दोन्ही अंगांनी करणे अगत्याचे आहे.

कारखाने आले, शाळेचे काय?

खेड तालुक्यातील निघोजे हे गाव या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे चाकण गेल्या पंचवीस वर्षांत मोटारींच्या उद्योगाचे केंद्र बनले. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना या पट्ट्यात सुरू झाला. महिंद्राचाही मोठा कारखाना येथे उभा राहिला. या दोन्ही कारखान्यांच्या पत्त्यांत निघोजे गावाचे नाव येते. ज्यांच्या जमिनी संपादनात गेल्या त्यांनी मोबदल्यातून खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांतून मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले कामगार भाड्याने राहू लागले. इंद्रायणीपलीकडे तळवडे आणि त्यापुढे निगडी, म्हणजे पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका. अलीकडे मात्र ग्रामपंचायत.

गाव अशा सीमेवर असल्यामुळे येथील पालकापुढे पर्याय पुष्कळ दिसतात. गावची जिल्हा परिषदेची शाळा, जवळची अनुदानित माध्यमिक शाळा, रोज मुलांना नेणाऱ्या-आणणाऱ्या पिवळ्या बसगाड्यांच्या इंग्रजी शाळा, पलीकडच्या शहरातील नावाजलेली विद्यालये आणि निवासी शाळा. परंतु पर्याय दिसणे वेगळे आणि हाती येणे वेगळे. तीन पाळ्यांत काम करणारा कंत्राटी कामगार आणि जमिनीचा मोबदला मिळालेला घरमालक यांची मुले एकाच बाकावर बसत असली, तरी चौथी-पाचवीनंतर त्यांचे रस्ते वेगळे होतात. हे रस्ते बुद्धीमुळे वेगळे झाले, तर त्याबद्दल फारशी तक्रार करता येणार नाही. पुष्कळदा ते वेगळे होतात ते पैशामुळे आणि माहितीच्या अभावामुळे.

कायद्याचा आधार येथे अपुरा पडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखल्या; परंतु त्या प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधी. मुलाची विशेष बुद्धी ध्यानात येते ती साधारणपणे नवव्या-दहाव्या वर्षी. तोवर ते दार बंद झालेले असते. शिवाय हा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा आहे. नववी-दहावी, म्हणजे ज्या दोन इयत्तांसाठी पालक खऱ्या अर्थाने माध्यमिक शाळा निवडतो, त्या त्याच्या कक्षेबाहेरच राहतात.

ऐंशी जागा आणि एक अट

ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६० च्या दशकात महाराष्ट्र शासनाने पुसेगाव, धुळे, औरंगाबाद, अमरावती आदी ठिकाणी निवासी विद्यानिकेतने काढली, ती याच हेतूने. पुढे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने जिल्ह्याजिल्ह्यांत नवोदय विद्यालये उभारण्याचे ठरविले. त्यातील पहिल्या दोन प्रायोगिक शाळांपैकी एक हरियानातील झज्जर येथे, तर दुसरी आपल्या अमरावतीत निघाली. पुणे जिल्ह्याचे नवोदय विद्यालय खेडच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपळे जगताप येथे आहे. निवास, भोजन, पुस्तके आणि शिक्षण यांचा भार तेथे शासन उचलते. गरीब घरातील बुद्धिमान मुलाला याहून मोठी संधी क्वचितच मिळेल.

तथापि या संधीचा आकार पाहावयास हवा. नवोदय विद्यालयात सहावीच्या वर्गासाठी साधारणपणे ८० जागा असतात. त्यांपैकी किमान ७५ टक्के, म्हणजे ६० जागा, ग्रामीण भागासाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांहून अधिक होती. जिल्ह्यातील १३ ग्रामीण तालुक्यांत या ६० जागा सरासरीने वाटल्या, तर एका तालुक्याच्या वाट्याला पाचसुद्धा येत नाहीत. ही परीक्षा विद्यार्थ्याला आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी ताप आला, उत्तरपत्रिकेतील एक गोल चुकला, तर पुन्हा संधी नाही. नववीत रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते, परंतु त्या जागा थोड्याच असतात.

या योजनेतील एका अटीकडे निघोज्यासारख्या गावात विशेष लक्ष द्यावयास हवे. ग्रामीण जागेवर हक्क सांगण्यासाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. वर्षाच्या मध्यात भाडे परवडेना म्हणून किंवा बापाचे काम बदलले म्हणून कुटुंब इंद्रायणीपलीकडे चिखलीला गेले आणि मुलाचे नाव तेथील महापालिकेच्या शाळेत घातले, की ते मूल नियमाच्या दृष्टीने शहरी झाले; मग वर्षभराने ते परत का येईना. घर बदलताना त्या बापाला हे कोणी सांगितलेले नसते. २०२५ साली चाकण परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिका स्थापण्याची चर्चा पुन्हा जोरात झाली. रस्ते, पाणी, कचरा यांच्या दृष्टीने ती मागणी रास्त असू शकेल. परंतु ज्या दिवशी ही गावे नागरी म्हणून अधिसूचित होतील, त्या दिवसापासून तेथील शाळांत शिकणाऱ्या मुलांचा ग्रामीण जागांवरील हक्क संपत जाईल. या परिणामाचा विचार त्या चर्चेत कोठेच दिसत नाही.

वेळेचा जमाखर्च

निवासी शाळेचा मार्ग इतका अरुंद असल्यामुळे बहुसंख्य पालकांची दृष्टी शहरातील नामांकित शाळेकडे वळते. येथे अर्थशास्त्रातील एका साध्या कल्पनेचा उपयोग होण्यासारखा आहे. एखाद्या वस्तूची किंमत म्हणजे तिच्यासाठी मोजलेले पैसे एवढेच नव्हे. तिच्यासाठी जे सोडून द्यावे लागते, तीही तिची किंमतच होय. शुल्काची पावती पालकाला दिसते, सोडून दिलेला वेळ दिसत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन अपेक्षित आहे. चाकण परिसरातील वाहतुकीची कोंडी सर्वांच्या परिचयाची आहे. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण या रस्त्यांवर अवजड वाहनांच्या रांगांत अडकलेली शाळेची बस हे नित्याचे दृश्य आहे. शहरातील शाळेत जाण्यास सव्वा तास आणि येण्यास सव्वा तास लागत असेल, तर २२० दिवसांत ५५० तास प्रवासात जातात. म्हणजे वर्गात जितका वेळ शिकावयाचे, त्याच्या निम्म्याहून अधिक वेळ बसमध्ये बसावयाचे. हुशार मुलाच्या बाबतीत ही हानी दुप्पट आहे. कारण असे मूल वर्गात जेवढे शिकते, त्याहून अधिक ते स्वतःच्या वेळात वाचून, काहीतरी उघडून-जोडून, निरर्थक वाटणाऱ्या शंकांच्या मागे जाऊन शिकत असते. तोच वेळ रस्त्यावर सांडतो. मुलींच्या बाबतीत अंधार पडल्यानंतर घरी परतण्याची चिंता वेगळीच, आणि तिच्यापायी कित्येक मुलींची शाळा गुणवत्तेने नव्हे, तर अंतराने ठरते.

हा खर्च सोसूनही नामांकित शाळेचा लाभ तेवढा मोठा असेल, तर तो सोसावा असे म्हणता येईल. परंतु तसा पुरावा सहजासहजी मिळत नाही. बोस्टन आणि न्यू यॉर्क येथे प्रवेश परीक्षा घेऊन हुशार विद्यार्थी निवडणाऱ्या सार्वजनिक शाळा आहेत. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. थोड्या गुणांनी आत गेलेले आणि थोड्या गुणांनी बाहेर राहिलेले विद्यार्थी बुद्धीने जवळपास सारखेच असतात. त्या दोन गटांची तुलना केली, तेव्हा पुढील परीक्षांतील त्यांच्या गुणांत फारसा फरक आढळला नाही. शाळेचे नाव मोठे होते ते मुख्यतः तेथे आधीच हुशार मुले जमतात म्हणून, असा त्याचा अर्थ होतो. शाळेच्या निकालाचा फलक पाहून भारावून जाणाऱ्या पालकाने हे ध्यानात ठेवणे हिताचे आहे. फलकावरचे यश शाळेने घडविले किती आणि निवडून घेतले किती, हे फलक सांगत नाही.

मात्र याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेतील महाविद्यालयांविषयी २००२ साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात सर्वसामान्य विद्यार्थ्याला नामांकित संस्थेमुळे पुढील मिळकतीत विशेष लाभ दिसला नाही; अल्प उत्पन्नाच्या घरांतून आलेल्यांना मात्र तो दिसला. याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्या घरात पुस्तके आहेत, अभ्यासाला कोपरा आहे, शंका विचारण्यासारखे माणूस आहे, त्या घरातील मुलाला शाळा थोडीच भर घालते. एका खोलीत पाच माणसे राहतात, बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो, त्या घरातील मुलाला शाळा बहुतेक सर्व काही देते. म्हणूनच नवोदयची जागा कंत्राटी कामगाराच्या मुलीला जेवढी मोलाची, तेवढी ती सुस्थितीतील घराला नसते.

शाळा निवडताना

मग पालकाने पाहावे तरी काय? शाळेची इमारत, मंडळाचे नाव आणि निकालाची टक्केवारी यांपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान शिकविणारे शिक्षक कायम आहेत काय, आणि ते त्याच विषयाचे आहेत काय. दर वर्षी शिक्षक बदलणारी चकचकीत शाळा आणि पंधरा वर्षे एकच शिक्षक टिकलेली साधी शाळा यांत हुशार मुलासाठी दुसरी अधिक भरवशाची. दुसरी, पुढे जाणाऱ्या मुलाला शाळा पुढे जाऊ देते काय, की 'अजून तो धडा झालेला नाही' म्हणून गप्प बसविते. तिसरी, ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांची कुलपे आठवड्यातून किती वेळा उघडतात. चौथी, वर्गात त्याच्या बरोबरीची दोन-चार मुले आहेत काय. एकट्या हुशार मुलाला आळस लवकर जडतो; आणि सर्वच्या सर्व आपल्याहून वरचढ असलेल्या वर्गात त्याचा आत्मविश्वासही तितक्याच लवकर जातो.

माध्यमाचा प्रश्नही याच कसोटीवर घासून पाहावा. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला सर्व विषय एकाएकी इंग्रजीतून देण्यापेक्षा गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि इतर विषय मराठीतून, ही सेमी-इंग्रजीची व्यवस्था पुष्कळ शाळांत उपलब्ध आहे. ज्या भाषेत मूल शंका विचारू शकते, त्या भाषेत त्याची बुद्धी चालते. पाचवीत गप्प झालेले मूल नववीत बोलके होईल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

त्याबरोबर मिळणारे साहाय्य सोडू नये. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेतून देशभरात वर्षाला एक लाख विद्यार्थी निवडले जातात आणि नववी ते बारावीपर्यंत त्यांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावे, अशी अट आहे. म्हणजे कर्ज काढून मुलाला खासगी विनाअनुदानित शाळेत घालणारा गरीब पालक ही शिष्यवृत्ती आपल्या हाताने गमावतो. हेही त्याला बहुधा उशिरा कळते.

निवडीची चूक

एका दिवसाच्या परीक्षेने बुद्धीचा निवाडा होतो, ही समजूतही तपासून पाहावयास हवी. धोंडो केशव कर्वे विद्यार्थिदशेत मुरूडहून साताऱ्याला परीक्षेसाठी डोंगर-घाट तुडवीत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये असामान्य बुद्धीच्या मुलांचा प्रसिद्ध अभ्यास सुरू केला. त्यांच्या चाचणीत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ हे दोन विद्यार्थी वगळले गेले. पुढे शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. चाचणीत न बसणारी बुद्धी खोटी नसते. नवोदयच्या यादीत नाव न आलेल्या मुलाकडे 'नापास' म्हणून पाहणाऱ्या घरांनी एवढे तरी स्मरणात ठेवावे.

चाचणी कोणाची होते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. अर्ज भरणाऱ्यांचीच ती होते. फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात पालकांच्या किंवा शिक्षकांच्या शिफारशीची वाट न पाहता दुसरीतील सर्व मुलांची चाळणी घेण्यात आली, तेव्हा गरीब आणि अल्पसंख्य घरांतील गुणवंत मुलांची संख्या लक्षणीय वाढली, असे डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी २०१६ साली दाखवून दिले. ती मुले आधीही तेथेच होती; त्यांच्याकडे कोणी पाहिलेले नव्हते. निघोज्याच्या भाड्याच्या खोल्यांतूनही अशी मुले असणारच.

१९६२ चा धडा

या विषयात महाराष्ट्राला परक्या देशांकडे पाहण्याची तशी गरज नाही. डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांसाठी प्रबोधिनीची स्वतंत्र प्रशाला निघाली ती १९६९ साली. आज प्रबोधिनीचे नाव घेताच ती प्रशालाच डोळ्यांपुढे येते आणि निगडी येथील तिच्या विद्यालयाकडे निघोज्याचे पालकही आशेने पाहतात. परंतु प्रशालेच्या आधीची सात वर्षे विसरली जातात. त्या काळात निरनिराळ्या शाळांतील निवडक विद्यार्थी आपापल्या शाळेत राहूनच शाळेच्या वेळेबाहेर प्रबोधिनीत येत असत. मुलाला त्याच्या शाळेतून आणि वस्तीतून न उपटता त्याच्या बुद्धीला पूरक खाद्य पुरविण्याची ती योजना होती. चाकणच्या पट्ट्याला आज तिचीच गरज आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत काही घडत नाही, ही समजूतही खेड तालुक्यानेच खोटी ठरविली आहे. तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ साली जागतिक स्तरावरील सर्वोत्तम शाळांच्या पारितोषिकासाठी निवडलेल्या शाळांच्या यादीत आली. मुलांनीच मुलांना शिकविण्याच्या तेथील पद्धतीत हुशार मूल वर्गापासून तुटत नाही. शिकविता शिकविता तेच अधिक शिकते.

तेव्हा तालुक्यातील तिसरी-चौथीच्या सर्व मुलांची, अर्जाविना, एक साधी चाचणी व्हावी. दहा-बारा गावांसाठी एका माध्यमिक शाळेत संध्याकाळी आणि रविवारी चालणारे गणित, विज्ञान व भाषेचे केंद्र असावे. तेथे उघडे ग्रंथालय, चालती प्रयोगशाळा आणि मानधनावर चांगले शिक्षक असावेत. नवोदयच्या अटी, शिष्यवृत्त्यांच्या तारखा यांची माहिती खोली भाड्याने घेणाऱ्या कुटुंबापर्यंत शाळेनेच पोहोचवावी. पैशाचा प्रश्न या भागात अडचणीचा नसावा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची आहे. शिक्षण हा त्यातील मान्य विषय आहे, आणि कारखाना ज्या परिसरात आहे त्याला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. एखाद्या शाळेचे प्रवेशद्वार रंगविण्यापेक्षा किंवा दप्तरे वाटून छायाचित्र काढण्यापेक्षा असे केंद्र दहा वर्षे चालविणे अधिक खडतर आहे, हे खरे; परंतु त्याचा उपयोग टिकाऊ होईल.

तोपर्यंत निघोज्याच्या पालकाने निर्णय लांबणीवर टाकावा, असे कोणी म्हणणार नाही. घरात अभ्यासाची सोय नसेल आणि नवोदयची जागा मिळाली असेल, तर मन घट्ट करून मुलाला पाठवावे. जागा मिळाली नसेल, तर कर्ज काढून दूरची शाळा गाठण्यापूर्वी जवळच्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना एकदा प्रत्यक्ष भेटावे, मुलाला बरोबर न्यावे आणि ते मूल त्यांच्याशी मोकळेपणाने बोलते काय, हे पाहावे. ते बोलले, तर निम्मा प्रश्न सुटला. उरलेला निम्मा सोडविण्याची जबाबदारी एकट्या पालकाची नाही. जिल्हा परिषद, शिक्षणसंस्था आणि निघोज्याचा पत्ता आपल्या कागदांवर लावणारे कारखाने यांनी ती वाटून घेतली पाहिजे.